जुनेर ते व्हिंटेज : पुणे शहरातील वापरलेल्या सुती वस्त्रांच्या व्यवहाराचा सामाजिक इतिहास (स्वारगेट परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

अन्न, वस्त्र आणि निवारा या मानवाच्या मूलभूत गरजा मानल्या जातात. महाराष्ट्रातील वस्त्राचा इतिहास आजवर प्रामुख्याने नव्या वस्त्राच्या अंगाने लिहिला गेला. पैठणीची विणकरी परंपरा, मुंबईच्या कापड गिरण्या, स्वदेशीची चळवळ व खादी हे त्यातील महत्त्वाचे विषय होत. परंतु समाजातील फार मोठ्या वर्गाने नवे वस्त्र वर्षातून एखाद्या वेळीच पाहिले. त्याच्या अंगावर रोज असे ते आधी दुसऱ्या कोणीतरी वापरलेले वस्त्र. एका अंगावरून उतरून दुसऱ्या अंगावर चढताना वस्त्राचा धागा बदलत नाही, अर्थ मात्र बदलतो. हा बदललेला अर्थ प्रस्तुत शोधनिबंधाचा विषय आहे.

अलीकडच्या काळात 'व्हिंटेज', 'थ्रिफ्ट' व 'प्री-लव्ह्ड' या नावांनी वापरलेले कपडे शहरी तरुण वर्गात हौसेने घातले जातात. त्यातही आजीची वायलची साडी, आजोबांचा खादीचा सदरा, जुन्या घाटाचा सैल सुती अंगरखा अशा उन्हाळी वस्त्रांना विशेष पसंती दिसते. पर्यावरणाच्या दृष्टीने ही गोष्ट स्वागतार्ह होय. तथापि, जे वस्त्र आज हौस म्हणून अंगावर येते तेच काही पिढ्यांपूर्वी सक्ती म्हणून अंगावर येत होते, याचे भान ठेवल्याशिवाय या बदलाचे योग्य मूल्यमापन होऊ शकत नाही.

या अभ्यासासाठी स्वारगेट परिसर उपयुक्त ठरतो. पुण्याच्या जुन्या पेठांची दक्षिण सीमा येथे संपते. सातारा, कोल्हापूर, सांगली व सोलापूर या भागांतून येणारा मनुष्य शहरात पहिले पाऊल टाकतो ते बहुधा येथील एस. टी. स्थानकावर. १९५० मध्ये स्थापन झालेल्या पुणे म्युनिसिपल ट्रान्सपोर्टचा आणि २००७ नंतर पी. एम. पी. एम. एल.चा कारभार याच भागातून चालत आला. २९ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मेट्रोमार्गही सुरू झाला. एका बाजूस महात्मा फुले यांचे निवासस्थान असलेली गंज पेठ, दुसऱ्या बाजूस गुलटेकडीचा घाऊक बाजार, तिसऱ्या बाजूस मुकुंदनगर व सहकारनगर या मध्यमवर्गीय वसाहती आणि पर्वतीच्या पायथ्याची जनता वसाहत. वस्त्र देणारे, घेणारे व त्याची ने-आण करणारे असे तिन्ही वर्ग येथे एकमेकांच्या शेजारी राहतात.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) जुन्या सुती वस्त्राचे मराठी कुटुंबातील स्थान स्पष्ट करणे.
२) वापरलेले वस्त्र आणि जातिव्यवस्था यांतील संबंधाचा ऐतिहासिक आढावा घेणे.
३) बोहारीण व जुना बाजार यांमुळे या व्यवहारात कोणता बदल घडला, याचे विश्लेषण करणे.
४) आजच्या 'व्हिंटेज' पसंतीचे या पार्श्वभूमीवर मूल्यमापन करणे.

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून कायदे, चरित्रे, प्रकाशित संशोधन आणि मराठी भाषेतील वस्त्रविषयक शब्दसंपदा यांचा आधार घेतला आहे.

१. जुनेर : घरातील वस्त्राचे आयुष्य

मराठी भाषेत जुन्या वस्त्रासाठी जितके शब्द आहेत तितके नव्यासाठी क्वचितच आढळतील. जुनेर, धडुते, चिरगूट, लक्तर, चिंधी, पोतेरे ही वस्त्राच्या उतरत्या आयुष्याची जणू एकेक पायरी आहे. लुगडे मधोमध विरले की ते टाकले जात नसे. विरलेला भाग कापून उरलेले दोन तुकडे शिवणीने जोडले जात. या जोडास 'दंड' म्हणत आणि असे 'दंड घातलेले' लुगडे घरकामात आणखी काही काळ वापरले जाई. पुढे त्याचेच परकर, झबली, दुपटी होत. त्यानंतर थरांवर थर देऊन गोधडी किंवा वाकळ शिवली जाई आणि अखेरीस उरलेल्या तुकड्याचे पोतेरे होई.

या व्यवहारामागे काटकसर होतीच, पण सुती कापडाचा गुणधर्मही होता. नव्या मांजरपाटाला खळ असते व ते अंगाला टोचते. वारंवार धुतल्याने खळ निघून जाते, धागे सैलावतात, कापड मऊ होते आणि घाम चांगला टिपते. म्हणूनच नवजात बालकास नवे कापड न घालता आजीच्या जुन्या लुगड्याचे झबले-टोपडे घालण्याची रीत घरोघर होती. चैत्र-वैशाखाच्या उकाड्यात पुरुष घरात जुना पंचा व बंडी वापरत, तर स्त्रिया नरम झालेले लुगडे नेसत. सणाचे वस्त्र नवे आणि उन्हाळ्याचे वस्त्र जुने, अशी ही विभागणी होती.

कुटुंबात वस्त्र वडीलधाऱ्यांकडून धाकट्यांकडे येई. थोरल्या भावाचा सदरा धाकट्याने व आत्याचा परकर भाचीने घालणे यात कमीपणा मानला जात नसे. आजीच्या लुगड्याची गोधडी तर मायेची खूण मानली जाई. देणारा व घेणारा यांच्यात ताटातील घास वाटून घेण्याइतके नाते असल्याने वस्त्राच्या जुनेपणाचा डाग घेणाऱ्यावर पडत नसे. घराचा उंबरठा ओलांडताच मात्र हेच वस्त्र वेगळे रूप धारण करी.

२. उतरलेले वस्त्र आणि जातिव्यवस्था

शुद्धाशुद्धतेच्या पारंपरिक कल्पनेत सर्व वस्त्रे समान नव्हती. रेशमी वस्त्र सोवळ्यासाठी योग्य मानले जाई. सुती वस्त्र मात्र स्पर्शाने सहज ओवळे होते अशी समजूत होती. ते सोवळ्यात वापरायचे तर धुऊन, कोणाचा स्पर्श होणार नाही अशा ठिकाणी वाळवावे लागे. अशा वस्त्रास 'धूतवस्त्र' म्हणत. याचा अर्थ असा की, उन्हाळ्यात अंगाला सुखावणारे सूत हेच वापरणाऱ्याचा घाम आणि पर्यायाने त्याची सामाजिक ओळख सर्वाधिक शोषून घेणारे वस्त्र ठरले होते. अंगावरून उतरलेले सुती वस्त्र आणि ताटात उरलेले उष्टे अन्न यांची जातकुळी एकच मानली गेली.

या कल्पनेला धर्मशास्त्राचा आधार होता. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायातील ५२ व्या श्लोकात चांडाळ व श्वपच यांनी प्रेतांवरील वस्त्रे वापरावीत आणि फुटक्या भांड्यांत जेवावे, असे सांगितले आहे. महाराष्ट्रातील गावगाड्यात मढ्यावरील कापड हा महारांच्या पारंपरिक हक्कांपैकी एक समजला जाई. ज्याला 'हक्क' म्हटले गेले ते प्रत्यक्षात हीनत्वाचे चिन्ह होते, हे येथे लक्षात घ्यावयास हवे. घेणाऱ्याला नकाराची मुभा नसलेले दान हे दान राहत नाही.

याच संदर्भात बौद्ध परंपरेतील 'पांसुकूल' चीवराचे उदाहरण उद्बोधक ठरते. उकिरड्यावर वा स्मशानात टाकलेल्या कापडाचे तुकडे गोळा करून, धुऊन, शिवून व रंगवून भिक्षूंनी चीवर तयार करावे, अशी परंपरा होती. विनयपिटकात भिक्षूंना गृहस्थांनी दिलेले चीवर स्वीकारण्याचीही परवानगी दिलेली आढळते. स्मशानातील कापड दोन्हीकडे तेच, परंतु चांडाळासाठी ती आज्ञा होती आणि भिक्षूसाठी तो स्वीकारलेला मार्ग होता. आधुनिक काळात संत गाडगेबाबा (१८७६-१९५६) यांनीही चिंध्या जोडलेला अंगरखा आयुष्यभर स्वेच्छेने घातला आणि लोकांनी त्यांना 'चिंधेबुवा', 'गोधडेबुवा' या नावांनी ओळखले. आपण चिंध्या पांघरणाऱ्या या संताने उघड्या-नागड्यांना धड वस्त्र मिळावे हाच उपदेश केला.

स्वारगेटलगतच्या गंज पेठेचा इतिहासही वस्त्राशी जोडलेला आहे. सावित्रीबाई फुले शाळेत जात असताना त्यांच्यावर शेण-चिखल फेकला जाई. त्यामुळे त्या एक जादा लुगडे सोबत नेत व शाळेत पोहोचल्यावर बदलत, असे त्यांच्या चरित्रकारांनी सांगितले आहे. मळलेल्या वस्त्राने माणूस अपवित्र होतो असे मानणाऱ्या समाजाला त्यांनी लुगडे बदलून आणि पुन्हा वर्गात उभे राहून उत्तर दिले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या चळवळीत वस्त्राचा प्रश्न अधिक स्पष्टपणे पुढे आला. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे मनुस्मृतीचे दहन करण्यात आले. त्याच परिषदेच्या काळात स्त्रियांपुढे केलेल्या भाषणात त्यांनी लुगडे नेसण्याची जातिदर्शक पद्धत सोडण्याचे आवाहन केले. वस्त्राला ठिगळे असली तरी हरकत नाही, मात्र ते स्वच्छ असावे, असा त्यांचा आग्रह होता. या भूमिकेचा आशय सूक्ष्म आहे. त्यांनी जुन्या वस्त्राला विरोध केला नाही. जुन्या वस्त्राला चिकटवलेल्या जातीच्या खुणेला विरोध केला. गरिबीत लाज नाही, लाजिरवाणी आहे ती लादलेली ओळख, असे हे सूत्र होते. पुढे १९२८ मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात वतनविषयक कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. महार वतनासह कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा १९५८ मध्ये संमत झाला.

३. होळी की दान : स्वदेशी चळवळीतील प्रश्न

ऑक्टोबर १९०५ मध्ये पुण्यात विनायक दामोदर सावरकर यांच्या पुढाकाराने विदेशी कपड्यांची होळी करण्यात आली. या कृत्याबद्दल फर्ग्युसन महाविद्यालयाने त्यांना दहा रुपये दंड करून वसतिगृहातून काढले. १९२१ मध्ये महात्मा गांधींच्या नेतृत्वाखाली अशा होळ्या देशभर पेटल्या. त्या वेळी देशात उघडी माणसे असताना कपडे जाळणे योग्य काय, असा प्रश्न उपस्थित झाला. रवींद्रनाथ टागोर यांनीही या कृतीवर टीका केली.

गांधीजींनी 'यंग इंडिया'च्या १३ ऑक्टोबर १९२१ च्या अंकात त्यास उत्तर दिले. उघड्या माणसाला नको असलेला कपडा देणे हा त्याचा अपमान असून त्याला खरी गरज कामाची आहे, अशी त्यांची भूमिका होती. आपण त्यांना उष्टे तुकडे वा उतरलेले कपडे देणार नाही, असे त्यांनी स्पष्ट केले. गांधीजी व डॉ. आंबेडकर यांच्यातील मतभेद मूलभूत होते. तरीही वापरलेल्या वस्त्राच्या दानात घेणाऱ्याचा मान जातो, हे निरीक्षण दोघांच्या विचारांत निरनिराळ्या वाटांनी आलेले दिसते, ही बाब उल्लेखनीय आहे.

४. साथ, टंचाई आणि पूर

सामान्य काळातील नियम संकटाच्या काळात कसे बदलतात, याची तीन उदाहरणे पुण्याच्या इतिहासात सापडतात.

पहिले उदाहरण प्लेगचे. १८९६ मध्ये मुंबईत आलेली साथ लवकरच पुण्यात पोहोचली. १८९७ चा साथरोग कायदा व रँड यांच्या अध्यक्षतेखालील प्लेग समिती यांच्यामार्फत घरांची झडती घेतली गेली. संसर्गाच्या संशयाने लोकांचे सामानसुमान व कपडेलत्ते बाहेर काढून जाळले गेले. जुन्या वस्त्रातून जात लागते या समजुतीला आता जुन्या वस्त्रातून रोग लागतो या भीतीची जोड मिळाली. रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचे १० मार्च १८९७ रोजी याच साथीत निधन झाले.

दुसरे उदाहरण दुसऱ्या महायुद्धातील कापडटंचाईचे. जून १९४३ मध्ये सरकारने सुती कापड व सूत नियंत्रण आदेश जारी केला. कापडावर कमाल किंमत छापणे बंधनकारक झाले व गरिबांसाठी 'स्टँडर्ड क्लॉथ' योजना आखली गेली. या काळात विटलेली कॉलर उलटवून घेणे, रफू करणे, धोतरे जोडणे या गोष्टी पांढरपेशा घरांतही नित्याच्या झाल्या. टंचाईने जुन्या वस्त्राला काही काळ सर्व थरांत समान प्रतिष्ठा मिळवून दिली.

तिसरे उदाहरण १२ जुलै १९६१ चे. पानशेत धरण फुटून नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या आणि हजारो कुटुंबे अंगावरच्या कपड्यांनिशी रस्त्यावर आली. मदत म्हणून आलेल्या वस्तूंत वापरलेले कपडेही होते. कालपर्यंत जुने कपडे देणारी कुटुंबे एका दिवसात ते घेणारी झाली. आभाळच फाटल्यावर ठिगळ कोठे लावणार, ही म्हण पुणेकरांनी त्या दिवशी शब्दशः अनुभवली. स्वारगेटच्या दक्षिणेस पुढे वाढलेल्या सहकारनगरासारख्या वसाहतींचा इतिहास या पुनर्वसनाशी निगडित आहे. संकटात घेतलेल्या वस्त्राला जातीचा वास येत नाही, हा अनुभव या पिढीने घेतला. परंतु पूर ओसरल्यानंतर जुने नियम बऱ्याच अंशी परत आले.

५. बोहारीण आणि जुना बाजार

दानातील अपमान टाळून जुने वस्त्र गरजूपर्यंत पोहोचविण्याचे काम कायद्याने वा चळवळीने केले नाही, तितके एका फिरत्या व्यवसायाने केले. जुन्या कपड्यांच्या मोबदल्यात भांडी देणारी बोहारीण महाराष्ट्रातील शहरांत घरोघर परिचित होती. या व्यवसायात गुजरातेतून आलेल्या वाघरी (देवीपूजक) समाजातील स्त्रियांचा वाटा मोठा राहिला. डोक्यावर भांड्यांची पाटी, खांद्यावर कपड्यांचे बोचके आणि दारात बसून चाललेली घासाघीस हे दृश्य मध्यमवर्गीय वाड्यांत नेहमीचे होते. एका पातेल्यास किती साड्या, हा प्रश्न तासभर रंगे. पूर्वी पितळी व पुढे स्टेनलेस स्टीलची भांडी या मार्गाने स्वयंपाकघरात आली.

बोचक्यातील कपड्यांची पुढे प्रतवारी होई. धड कपडे धुऊन, शिवून, इस्त्री करून विक्रीस जात. खऱ्या जरीची लुगडी चांदी काढण्यासाठी वेगळी ठेवली जात. पार विरलेल्या सुती कपड्यांच्या चिंध्या गॅरेज व कारखान्यांत यंत्रे पुसण्यासाठी विकल्या जात. विक्रीयोग्य कपडे ज्या ठिकाणी पोहोचत त्यांपैकी प्रमुख म्हणजे मंगळवार पेठेत बुधवारी व रविवारी भरत आलेला जुना बाजार. तेथे हत्यारे, भांडी, नाणी व यंत्रांचे सुटे भाग यांच्या शेजारी सदरे, पँटी व साड्यांचे ढीग लागत. गुलटेकडीतील मजूर, नव्याने शहरात आलेला कामगार व हौशी विद्यार्थी त्याच ढिगातून निवड करत.

या व्यवहाराचे सामाजिक महत्त्व पुरेसे लक्षात घेतले गेलेले नाही. दानात देणारा घेणाऱ्याला ओळखतो. बोहारणीच्या व्यवहारात ही ओळख पुसली जाते. मुकुंदनगरातील गृहिणीला आपली साडी कोण नेसणार हे ठाऊक नसते आणि बाजारात ती घेणाऱ्या स्त्रीला ती कोणाची हे ठाऊक नसते. घेणारी व्यक्ती भाव करते, कापड उजेडात धरून पाहते, नापसंत असल्यास पुढे जाते. नकाराचा हा अधिकार गावगाड्याने तिला कधीही दिला नव्हता. मात्र या व्यवहारात अस्पर्शाचा भार नाहीसा न होता बोहारणीच्या डोक्यावर गेला. इतरांचे उतरलेले कपडे हाताळणारी म्हणून तिला व तिच्या समाजाला हलके लेखले गेले. ल्यूसी नॉरिस यांनी दिल्लीतील वाघरी व्यापाऱ्यांसंबंधी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातून या व्यवसायाची व्याप्ती व त्यातील कष्ट जगासमोर आले.

आंतरराष्ट्रीय तुलनेने हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. झांबियात पाश्चात्त्य देशांतून येणाऱ्या वापरलेल्या कपड्यांना 'सालाउला', म्हणजे ढिगातून उपसून निवडणे, असे म्हणतात. करेन ट्रानबर्ग हॅन्सन यांनी २००० साली त्यावर सविस्तर ग्रंथ लिहिला. घानामध्ये अशा कपड्यांना 'मेलेल्या गोऱ्या माणसाचे कपडे' या अर्थाचे नाव आहे. या देशांत देणारा समुद्रापलीकडचा असतो. भारतात वापरलेल्या कपड्यांच्या आयातीवर निर्बंध असल्याने येथील बाजार मुख्यतः देशांतर्गत जुनेरावर उभा राहिला. देणारा बहुधा दोन गल्ल्या पलीकडेच राहतो. म्हणूनच येथे ओळख पुसणाऱ्या मध्यस्थाची गरज अधिक होती.

घरातील मोलकरणीस दिवाळीला जुनी साडी देण्याची प्रथा मात्र या बाजाराबाहेर चालू राहिली. १९८० मध्ये पुण्यातील मोलकरणींनी वेतनवाढ व रजेसाठी संप केला. महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम २००८ मध्ये झाला. श्रमाचा मोबदला उतरलेल्या साडीत न मोजता रुपयांत मोजला जावा, ही जाणीव या प्रक्रियेत दृढ झाली.

६. सुतापासून टेरिकॉटपर्यंत

जुन्या बाजाराचा ढीग हा समाजाच्या वस्त्राचे प्रतिबिंब असतो. गिरण्यांत जे विणले जाते तेच काही वर्षांनी ढिगात येते. टेरिलीन व टेरिकॉट प्रथम प्रतिष्ठेची वस्त्रे म्हणून आली. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला व सुती गिरण्यांचा ऱ्हास वेगाने झाला. त्याच वर्षी रायगड जिल्ह्यातील पाताळगंगा येथे पॉलिएस्टर धाग्याचा मोठा कारखाना सुरू झाला. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने कृत्रिम धाग्याच्या वापरास मोकळीक दिली. गरिबांसाठी १९७६ पासून हातमागावर विणली जाणारी जनता साडी व जनता धोतर कालांतराने मागे पडले.

परिणामी दोन दशकांतच जुन्या कपड्यांच्या ढिगातील सूत घटले. पॉलिएस्टर टिकाऊ, न चुरगळणारे व स्वस्त असले तरी घाम टिपत नाही. उन्हात राबणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हा बदल गैरसोयीचा ठरला. त्याच्या आजोबांना जुनेर का होईना पण सूत मिळत होते. त्याला मिळाला तो न फाटणारा परंतु अंगाची काहिली करणारा सदरा. वस्त्राच्या विपुलतेत उन्हाळी वस्त्राची टंचाई निर्माण झाली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. शिवाय पॉलिएस्टरची नरम गोधडी होत नाही व पोतेरेही होत नाही. त्यामुळे वस्त्राच्या आयुष्याच्या अखेरच्या पायऱ्या नाहीशा होऊन ते थेट कचऱ्यात जाऊ लागले. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीच्या आणि पुढे 'स्वच्छ' सहकारी संस्थेच्या कचरावेचक सदस्यांसमोर कापडाचा कचरा हा नवा प्रश्न म्हणून उभा राहिला.

७. 'व्हिंटेज' : सक्तीकडून निवडीकडे

पाश्चात्त्य देशांत १९६० च्या दशकात तरुणांनी जुने कपडे हौसेने घालण्यास प्रारंभ केला. गोव्यातील हणजूण येथे १९७० च्या दशकात हिप्पींनी सुरू केलेल्या बाजारात परदेशी प्रवासी आपलेच वापरलेले कपडे विकत. भारतीय शहरांतील मध्यमवर्गात ही रीत खऱ्या अर्थाने रुजली ती २०२० च्या टाळेबंदीच्या काळात. घरी अडकलेल्या तरुणांनी इन्स्टाग्रामवर वापरलेल्या कपड्यांची लहान दुकाने उघडली. पुणे हे महाविद्यालयांचे शहर असल्याने येथेही हा प्रवाह पोहोचला. आजीच्या सुती साडीचा कुर्ता, इरकलीच्या काठाचे झगे, आजोबांचा सैल सदरा ही उन्हाळ्यातील आवडती वस्त्रे झाली.

या बदलातील विधायक बाजू नाकारता येत नाही. कापूस पिकविण्यास व कापड रंगविण्यास मोठ्या प्रमाणात पाणी लागते. वस्त्र जितके दीर्घकाळ वापरले जाईल तितका हा भार हलका होतो. दंड घालणे, रफू करणे यांसारखी कौशल्ये पुन्हा महत्त्वाची ठरू शकतात. जुने वस्त्र घालण्यातील संकोच मध्यमवर्गात कमी झाल्यास त्याचा लाभ समाजाच्या सर्व थरांना होऊ शकतो.

परंतु दोन गोष्टी विचारात घेतल्या पाहिजेत. पहिली, 'व्हिंटेज' वस्त्राच्या किमतीत त्याची कथा समाविष्ट असते : हे कोणाचे, कोणत्या काळातील, कोणत्या घरातील. जुन्या बाजारात हीच माहिती लपविली जाते, कारण तेथे ती घेणाऱ्याला लाजवते. ज्याच्या अंगावरील जुनेपणा निवड म्हणून ओळखला जातो तोच ती कथा मिरवू शकतो. फाटकी जीन्स घालणारा विद्यार्थी व ठिगळाचा सदरा घालणारा हमाल स्वारगेटच्या एकाच बसमध्ये चढतात. पाहणाऱ्याची नजर मात्र दोघांना वेगवेगळे मोजते. दुसरी गोष्ट अधिक व्यावहारिक आहे. चांगले जुने सूत जर निवडून हौसेच्या बाजारात महाग विकले जाऊ लागले, तर उरलेल्या ढिगात पॉलिएस्टरच अधिक राहील. ज्याला उन्हात सुताची सर्वाधिक गरज आहे त्याच्यापर्यंत ते पोहोचणार नाही.

या दृष्टीने अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये स्थापन केलेल्या 'गूंज' संस्थेचा 'क्लॉथ फॉर वर्क' हा उपक्रम लक्षणीय आहे. गावातील लोक विहीर, रस्ता वा बंधारा यांसाठी सामूहिक श्रम करतात आणि त्याचा मोबदला म्हणून वस्त्रे घेतात. दान येथे मोबदल्यात रूपांतरित होते. १९२१ मधील चर्चेचा धागा अशा रीतीने पुढे चालू राहिलेला दिसतो.

निष्कर्ष

१) मराठी कुटुंबात जुने सुती वस्त्र उन्हाळ्यासाठी व बालकांसाठी सर्वांत योग्य मानले जात होते. वस्त्राचा जुनेपणा हा स्वतःहून कधीही हीनत्वाचा विषय नव्हता.

२) वस्त्राची प्रतिष्ठा देणारा व घेणारा यांच्या नात्याने ठरली. कुटुंबात ती माया झाली, गावगाड्यात सक्ती झाली, संकटात आधार झाली आणि बाजारात वस्तू झाली.

३) घेणाऱ्याला नकार देण्याचा व निवड करण्याचा अधिकार असणे हा या इतिहासातील निर्णायक निकष ठरतो. हा अधिकार सामान्य माणसाला मोठ्या प्रमाणावर मिळाला तो बोहारीण व जुना बाजार यांच्यामुळे. या कामाचे सामाजिक ऋण मान्य होणे आवश्यक आहे.

४) १९८० नंतर सुताची जागा पॉलिएस्टरने घेतल्यामुळे कष्टकरी वर्गाचे उन्हाळी वस्त्र हिरावले गेले. वाढत्या तापमानाच्या काळात हा प्रश्न आरोग्याचा होय.

५) 'व्हिंटेज' वस्त्रांची आवड पर्यावरणास उपकारक आहे. मात्र जुने सूत केवळ हौसेच्या बाजारात न जाता परवडणाऱ्या दरात श्रमिकांपर्यंत पोहोचावे, यासाठी बोहारीण व कचरावेचक यांना सोबत घेऊन संकलन, दुरुस्ती व विक्रीची व्यवस्था उभी राहणे इष्ट ठरेल. स्वारगेटसारख्या वर्दळीच्या ठिकाणी अशा केंद्रासाठी जागा मिळाल्यास त्याचा सर्वाधिक लाभ शहरात नव्याने येणाऱ्या कष्टकऱ्यांना होईल.

ठिगळ असले तरी चालेल, पण वस्त्र स्वच्छ असावे, ही महाडची शिकवण जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीची आहे. घालणाऱ्याने ते स्वतः निवडलेले असावे, एवढी भर आजच्या काळाने त्यात घालावयास हवी.